कल्पिताच्या नावाची ट्यूब

मानपाडा, डोंबिवली पूर्व
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

कल्पिता,

फोन ब्लॉक, व्हॉट्सॲप ब्लॉक. सहदेवरावांना लावला तर "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. राँग नंबर काय! वीस वर्षं जावई आहेत आमच्या घरचे. तेव्हा आता पोस्टाने लिहितेय. पाकीट फाडून टाकायचं असेल तर वाचून फाड.

कामाचंच बोलते. आई गेली त्या वेळी आपल्यासारख्या घरांतून जे रक्त गोळा केलेलं, ते फेकलेलं नाही. गोठवून ठेवलंय. तेव्हा विषाणू नवा होता, डॉक्टरांनाही काही कळत नव्हतं, तपासायच्या किट पण धड नव्हत्या. म्हणून संशोधनवाल्यांनी ठरवलेलं की आत्ता रक्त साठवू, पुढे चांगल्या तपासण्या निघतील तेव्हा बघू. आम्हा लॅबवाल्यांना फक्त घरोघर जाऊन सुया मारायचं काम होतं. ते मी केलं, सगळ्या कल्याण-डोंबिवलीत, त्या प्लास्टिकच्या कपड्यात घामाने भिजून.

तर आता त्या ट्यूब बाहेर काढल्यात. डॉक्टर वल्लरी म्हणून बाई आहेत, पस्तिशीच्या असतील, हुशार आहेत आणि त्याहून चिकट आहेत. अँटीबॉडी नुसती आहे की नाही एवढंच त्या बघत नाहीत, ती ताजी आहे की जुनी ते बघतात. लोणच्यासारखं आहे ते, मुरायला दिवस लागतात. बाबांची १८ एप्रिल २०२०ची ट्यूब अगदी ताजी निघाली, म्हणजे त्यांना आईच्या आसपासच झालेलं. पण तुझ्या नावाची त्याच दिवशीची ट्यूब चांगलीच मुरलेली निघाली. मॅडमच्या अंदाजाने फेब्रुवारीच्या शेवटी लागण झालेली असणार. म्हणजे काकांच्या दिपेशच्या मार्चमधल्या हळदीच्या आधी. जिल्ह्यात पहिला पेशंट सापडला त्याच्याही आधी. म्हणून मॅडमना झोप लागत नाहीये. असा विषाणू आपल्या भागात नक्की कधी शिरला, हे त्या ट्यूबवरून कळेल म्हणतात.

त्या खडवलीला तुझ्याकडे येणार आहेत. तुला विचारणार, फेब्रुवारीत कुठे गेलेलीस, कोणाला भेटलेलीस. आणि ताजं रक्त घेणार.

दे ना ते. एवढंच मागतेय. आणि १८ एप्रिलचं विचारलं तर हो म्हण, दिलेलं म्हण. तू काय म्हणशील ते मला माहितीये. सोड ना आता, पाच वर्षं झाली. आणि तुझ्याच फायद्याचं आहे. हळदीत गेलीस आणि तिथून घेऊन आलीस, असं जे सगळे म्हणतात, ते तरी खोटं ठरेल.

बाबा बरे आहेत. नव्वदीला टेकलेत, पण आवाज अजून तसाच.

जया

---

मानपाडा
बुधवार, १९ फेब्रुवारी २०२५

कल्पिता,

सोळा दिवस झाले. पत्र मिळालं ते मला ठाऊक आहे, कारण मी मुद्दाम पोच पावतीचं टाकलेलं आणि पावतीवर तुझी सही आहे. सही करायला हात चालतो, दोन ओळी लिहायला नाही चालत.

आज शीळफाट्याला दीड तास अडकलेले. रिक्षावाल्याला म्हटलं, बाबा, उतरून चालत जाऊ का? तर म्हणतो, "मॅडम, चालत पण जाम आहे." लॅबमध्ये पोचले तर मॅडमचा फोन. त्या पुढच्या गुरुवारी, २७ तारखेला, खडवलीला येतायत. गाडी, कागद, सगळं तयार. मी म्हटलं थांबा जरा, ती बोलत नाही माझ्याशी. तर म्हणतात, "मग तर मीच जाते, ताई." चिकट आहेत म्हटलं ना.

तुला काय वाटतं, मला हौस होती का हे करायची? आई ६ एप्रिलला गेली. तोंडसुद्धा दाखवलं नाही. बाबा आणि मी घरात कोंडलेले, बाहेर दारावर कागद चिकटवलेला, आणि ज्या लोकांच्या साखरपुड्याला आपण पंक्ती वाढल्या ते गल्लीतून जाताना नाकाला रुमाल लावायचे. बारा दिवसांनी मी कामावर. कारण लॅबमध्ये सुई धरणारे चारच होतो आणि त्यातले दोघं गावी पळालेले.

संशोधनाचा नियम असा होता की माणूस आजारी पडायच्या आधीच्या पंधरा दिवसांत जे जे घरात राहिले त्या सगळ्यांचं रक्त हवं. एकाचं नसेल तर ते घरच बाद. रक्त गोळा करणारा मात्र त्यात चालत नाही, त्यामुळे माझं रक्त नको होतं. आपल्या घरातले म्हणजे बाबा आणि हळदीनंतर चार दिवस राहायला आलेली तू. म्हणून मी लॅबच्या गाडीने खडवलीला आलेले. आणि तू दार उघडलं नाहीस. आतून ओरडलीस, "तुझ्या हातची सुई मी घेणार नाही."

मान्य, मी त्याआधी फोनवर जे बोलले ते बोलायला नको होतं. "हळदीला नाचलीस आणि आईला खाल्लंस" असं कोणी कोणाला बोलू नये. पण आई गेली त्याच दुपारी बोलले ते, अगं. मला त्या वेळी कोणीतरी हवं होतं ओरडायला.

तू दार उघडलं नाहीस, मग मी काहीतरी केलं. आपलं घर बाद होऊ नये म्हणून केलं. आईचं नाव त्या यादीत राहावं म्हणून केलं.

गुरुवारी नीट वाग.

जया

---

मानपाडा
शुक्रवार, ७ मार्च २०२५

कल्पे,

शाब्बास. शाब्बास गं बाई तुझी!

मला वाटलेलं, एक तर तू मॅडमना हाकलशील, नाही तर सगळं भडाभडा सांगशील. तू काय केलंस? चहा दिलास, बाही वर करून रक्त दिलंस, आणि १८ एप्रिलचं विचारल्यावर म्हणालीस, "ते माझ्या बहिणीला विचारा." बस. एवढंच. वकील व्हायला हवी होतीस.

काल मॅडमनी बोलावलं. दोन कागद समोर ठेवले. जुन्या ट्यूबमधला रक्तगट वेगळा, तुझा वेगळा. माणूस बदलतो, रक्तगट बदलत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, ही ट्यूब कल्पिताची नाही. कोणाची आहे?"

आणि मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, लेबलं बदलली असतील. गर्मी होती, प्लास्टिकचे हातमोजे, चष्म्यावर वाफ, एका दिवसात चार गावं. झालं असेल काहीतरी मागेपुढे. अगदी सहज तोंडातून आलं. तीस वर्षांत एक लेबल चुकलं नाही माझ्याकडून, लॅबमध्ये माझं नाव घेतात त्यासाठी, आणि मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की चुकलं.

मला वाटलं, संपलं. एक ट्यूब फुकट गेली, विषय बंद. तर मॅडमनी वही ओढली. म्हणाल्या, "मग तुमच्या हातच्या सगळ्याच ट्यूब बाजूला ठेवाव्या लागतील. एक बदलली असेल तर दुसरी कुणाची आहे ते सांगता येणार नाही." बासष्ट ट्यूब आहेत माझ्या हातच्या. बासष्ट माणसं! त्यातली अकरा तर आता जगातसुद्धा नाहीत. त्यांचं रक्त पुन्हा कुठून आणायचं? कोपरची ती म्हातारी, शालनकाकू, तिची शीर सापडत नव्हती. तीनदा टोचलं मी तिला. ती म्हणाली, "टोच गं बाय, कुनाच्या तरी कामाला येईल." तिचीसुद्धा ट्यूब बाद. माझ्या एका वाक्यामुळे.

मी तिथेच बोलायला हवं होतं. नाही बोलले. घरी आले, बाबांना भाकरी वाढली, भांडी घासली, आणि संताप संताप झाला. मॅडमचा, तुझा, त्या मेल्या फ्रीजरचा. पाच वर्षं कशाला जपून ठेवायचं असतं ते सगळं?

तुला एक शब्द बोलता आला नसता का त्यांना? "मी दिलं नाही" एवढंच. म्हणजे मला तरी बोलावं लागलं नसतं.

जया

---

मानपाडा
मंगळवार, १८ मार्च २०२५

कल्पिता,

ते रक्त माझं आहे.

हे वाक्य लिहायला अकरा दिवस लागले. तुझ्या अंगणासमोर गाडीत बसून काढलं. ड्रायव्हर पाणी आणायला गेलेला. लेबल आधीच छापलेलं होतं, तुझ्या नावाचं. रबर दाताने ओढून बांधलं, डाव्या हातातून घेतलं आणि त्या ट्यूबवर तुझं नाव चिकटवलं.

घर बाद होऊ नये म्हणून केलं असं तुला लिहिलेलं. ते खरं आहे, पण अर्धंच. बाकीचं अर्धं हे, की मला माझं बघायचं होतं. आणि माझ्या नावाने बघायचं नव्हतं. फेब्रुवारी संपताना मी बाहेरदेशातून आलेल्या एका कुटुंबाचं रक्त घ्यायला गेलेले, सगळे खोकत होते. तेव्हा कोणाला एवढं काही वाटत नव्हतं, मास्कसुद्धा नाही लावलेला. नंतर दोन दिवस अंग मोडून आलं. गोळी खाल्ली, कामावर गेले. रात्री आईचे पाय चेपायला बसायचे मी, माहितीये तुला. त्या दोन दिवसांतही बसले. मी लॅबमधली बाई आहे गं, मला शंका आली नसेल असं कसं होईल? आली. पण तोवर तुझं हळदीला जाणं हाताशी होतं.

मग जूनमध्ये साधी किट आली, साठवलेल्या रक्तातलं थोडं तपासलं आणि कागद आला. त्यावर नाव तुझं, निकाल पॉझिटिव्ह. तो कागद मी बाबांसमोर नाचवला. घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आता तरी पटलं का सगळ्यांना?" माझ्याच रक्ताचा कागद. हे लिहितानासुद्धा स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तू बाबांना फोन करून म्हणालीस, मी रक्त दिलंच नाही. मी शेजारीच उभी होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्यांनी फोन ठेवला. तेव्हापासून तुझं नाव त्यांनी काढलेलं नाही.

काल हे सगळं मॅडमना सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, मला वाटतं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. बासष्टातल्या साठ ट्यूब वाचल्या. माझा आता एक लेखी जबाब होणार, लॅबवाले नोकरीचं काय ते ठरवतील. आपलं घर मात्र यादीतून गेलं. आईचं, बाबांचं, सगळं. आणि ती ट्यूबही. मी म्हटलं, अहो, माझं नाव लावा ना आता तिच्यावर, खरी तर आहे. तर म्हणाल्या, "नाही लावता येत, ताई. खोट्या नावाने आलेलं रक्त नंतर खरं म्हणून कोण मानेल? तुम्ही स्वतःच्या नावाने दिलं असतंत तर नियमाबाहेर का होईना, पण मी त्यासाठी भांडले असते. सगळ्या साठ्यात तेवढी जुनी दुसरी नाही." मग चष्मा काढून डोळे चोळत बसल्या. त्यांचं तीन वर्षांचं काम त्या एका ट्यूबवर उभं राहिलेलं.

निघताना मात्र दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा, तुम्हाला आधी झालं एवढंच दिसतं यातून. आईंना तुमच्याकडूनच झालं हे यातून सिद्ध होत नाही. तेव्हा विषाणू कुठून कुठे गेला ते कोणीच सांगू शकत नाही." चांगलं सांगत होत्या. मला धीर द्यायला सांगत होत्या. पण मी तुझ्या वेळी सिद्ध व्हायला थांबले होते का?

मला माफ कर असं लिहिणार नाही. माफ करून तुला काय मिळणार आहे? तुला शिवी द्यायची असेल तर दे. पण काहीतरी लिही गं. माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

ताई

---

मानपाडा
शुक्रवार, ४ एप्रिल २०२५

कल्पे,

तुझं पत्र सोमवारी आलं. सहा ओळी. पाठ झाल्यात.

"ताई, त्या दिवशी मी खिडकीतच उभी होते. तू दाताने रबर ओढलंस ते दिसलं मला. कागद आला तेव्हाच कळलं. ते रक्त तुझं म्हणून बाबांना सांगितलं असतं तर ते तुझ्या हातचं जेवले नसते, आणि त्या लॉकडाऊनमध्ये त्यांना दुसरं कोण होतं? मला सगळं माहीत आहे, मला सांगून उपयोग नाही. बाबांना सांग."

तू बघितलेलंस! बघितलेलंस आणि पाच वर्षं तोंड शिवून बसलीस! आई गेली, माहेर गेलं, पोरीच्या बारशाला बाबा आले नाहीत, आणि तू ऐकून घेत राहिलीस? कोणी सांगितलेले तुला हे उपकार करायला? एकदा येऊन झिंज्या धरल्या असत्यास माझ्या तर मी तेव्हाच बोलले असते. कदाचित. नसतेही बोलले. पण मला एकदा विचारायला तरी हवं होतंस. सोमवारी तुझ्यावर इतकी चिडले की पत्र चुरगळून फेकलं, मग कचऱ्यातून काढून परत सरळ केलं.

मंगळवारी सकाळी बाबांना सांगितलं. ते ओट्यावर बसलेले. रक्त, ट्यूब, कागद, सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, कारण त्यांना कमी ऐकू येतं. शेजारच्या हेमांगीने खिडकी लावून घेतली, म्हणजे तिनेही ऐकलं. ऐकू दे. आता ग्रुपवर पण टाकलंय. तो दिपेश नुसता हात जोडलेलं चित्र टाकून गेला.

बाबा समोर गल्लीकडे बघत होते. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून परत सुरुवात केली. तर म्हणाले, "आयकला मी."

मग म्हणाले, "तुजे आयशीला कोनी आनून दिला, ता मी कवा इचारला व्हता? आजार व्हता, आला, ती गेली. मी कुनाला इचारला नाय. तूच सांगत आलास."



"तुजे एका कागदावर मी माजे पोरीला घरात घेतला नाय," म्हणाले, आणि काठी घेऊन आत गेले.

कल्पे, खरंच नव्हतं विचारलं गं त्यांनी. मी आठवून आठवून बघितलं. आई गेल्यावर ते एकदाही म्हणाले नव्हते की हे कोणामुळे झालं. ते मलाच हवं होतं.

मंगळवारपासून त्यांनी माझ्या हातचं खाल्लेलं नाही. हेमांगी वरणभात आणून देते, तो खातात. मी ताट ठेवलं की उठून जातात. भांडतही नाहीत. भांडले असते तर मीही भांडले असते, निदान घरात आवाज तरी झाला असता. काल त्यांनी स्वतःच पिशवी भरली. दोन धोतरं, बंडी, टॉवेल, आईचा फोटो. मला म्हणाले, "गारी बोलव. खरवलीला जातंय मी."

गाडी दहाला येईल. मी येते म्हटलं, तर नको म्हणाले. हेमांगीचा नवरा सोबत येतोय, हे पत्र त्याच्याच हाती देतेय.

त्यांचं सांगते, नीट ऐक. बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी, पांढरी. लाल गोळी जेवल्यावर, ती ते मुद्दाम विसरतात, समोर उभं राहायचं. डाव्या कानाने काही ऐकू येत नाही, उजव्या बाजूला बसून बोल. थंड पाण्याने अंघोळ करू देऊ नकोस, कितीही हट्ट केला तरी. रात्री दोनदा उठतात, तेव्हा दिवा लावून ठेव. साखर मी दर महिन्याला तपासायचे. तिकडे कोणाला तरी बोलाव, चांगली शीर उजव्या हाताला आहे. आता तुझ्याकडेच राहणार असं दिसतंय. परत कधी येणार, असं मी विचारलं नाही.

पिशवीच्या तळाशी डबा आहे. तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. तीन दिवसांत नीट जेवले नाहीयेत ते. चार वाजता उठून केलंय. पिशवीत ठेवताना त्यांना दिसलं नाही.

डबा आधी तू काढून घे. तुझ्या ताटात काढ आणि तू केलंस म्हणून वाढ. तुझ्या नावाने खातील ते.

ताई